पाच बोटं कुंकू

मित्रांनो, मिऱ्या बंदराच्या बाजूला फायबरच्या होड्या बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. त्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेली जुनी मशीन म्हणजे मी. मला प्लाझ्मा मशीन म्हणतात. माझ्या नळीतून वारा आणि वीज एकत्र सुटली की बोटभर जांभळी ज्योत निघते.

फायबर अळवाच्या पानासारखं असतं. त्यावर पाणी ठरत नाही आणि जोड चिकटवायचं रेझिनही धरत नाही. माझी ज्योत वरून फिरली की त्याच जागी थेंब छान पसरतो आणि जोड घट्ट बसतो. मात्र नंतर तिथे हात लावायचा नाही. बोटाच्या तेलाचा डाग पडला तरी सगळी मेहनत वाया.

मला चालवायचे काशीराम. कोणी बोट पुढे केलं की ते डाफरायचे, "हात मागं घे." दहा वर्षांत आमचा एकही जोड सुटला नव्हता. लोक माझं कौतुक करायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग त्यांच्या धाकट्या बहिणीची, मालनची होडी आली. तिचा नवरा धोंडू बुरोंडीला मासेमारी करायचा. सुकाणू ज्या पट्टीवर बसतं, ती पट्टी जोडायची होती. माझी ज्योत फिरून झाली, तोच मालनने डबी पुढे केली. आत तेलात कालवलेलं कुंकू होतं.

"दादा, चिकटवायच्या आधी पाच बोटं ओढ. आत ऱ्हायला की कधी पुसायचा नाय."

काशीराम थबकले. पण लाडक्या बहिणीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांनी पाच बोटं ओढली आणि वर पट्टी चिकटवली. मी सगळं पाहत होते आणि मला बोलता येत नव्हतं.

नारळी पौर्णिमेनंतर वेळणेश्वरसमोर ती पट्टी सुटली. सुकाणू गेलं, होडी खडकावर आपटली. धोंडू परत आला नाही.

किनाऱ्याला लागलेली पट्टी घेऊन मालन आली. तिचं कपाळ मोकळं होतं.

"कुंकू तर तसाच हाय रे दादा. मग सुटली कशी?"

काशीरामांनी त्या पाच लाल रेघांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"मशीन जुनी झाली गो. तिचाच दोष."

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः माझ्यावर ताडपत्री घातली. वरून थोडा वेळ हात ठेवला. ते पुन्हा कामावर आले नाहीत.

मित्रांनो, मायेचा हातसुद्धा कुठे लावायचा नाही, हे आधी विचारून घ्या. आणि कधी बुरोंडीला गेलात, मालन भेटली आणि तिने विचारलंच, तर मशीनच बिघडली होती म्हणून सांगा.