डाव्या भिंतीवरचा ओला एप्रन

धुलाई कारखान्यातल्या बायकांची युनियन लहानशी, पण तिची मत घेण्याची रीत सगळ्यांहून निराळी. यंत्रांच्या घरघरीत सभा कुणाला ऐकू येणार? म्हणून निवडणुकीत कुणाला पाठिंबा द्यायचा हे ठरवायचं असलं, की पाळी सुटताना प्रत्येकीनं आपला नंबर शिवलेला एप्रन कपडे बदलायच्या खोलीत अडकवायचा. उजव्या भिंतीवर होकार, डाव्या भिंतीवर नकार. अध्यक्षांना मत नाही, त्यांनी फक्त मोजायचं; दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरच निर्णय त्यांचा.

या खेपेला कुणी विचारलंच नव्हतं. बॉयलरवरचे जुने मिस्त्री अध्यक्ष होते. त्यांनी पाठिंब्याचं पत्र टाइप करूनच आणलं आणि चिटणीसबाईंपुढे सरकवलं.

"बायकांना काय विचारत बसायचं, वहिनी? उमेदवार सगळ्यांना कायम करून देतो म्हणतोय. करा सही."

चिटणीसबाईंनी मुकाट्यानं सही केली. हाच उमेदवार दोन वर्षांपूर्वी चौकशी समितीवर होता. वाफेचा पाइप फुटून एक बाई गेली, तेव्हा पाइप ठणठणीत होता, चूक बाईची, असा अहवाल त्यानंच दिला होता. ती बाई म्हणजे चिटणीसबाईंची धाकटी जाऊ. पाइप आधीपासून गळत होता हे ठाऊक असून तेव्हाही त्या गप्पच राहिल्या होत्या. सभासदांच्या वहीतलं जावेचं नाव मात्र त्यांच्या हातून खोडवलं गेलं नव्हतं. तिचा सत्तेचाळीस नंबरचा एप्रन घडी करून कपडे बदलायच्या खोलीतल्या कपाटात होता आणि किल्ली चिटणीसबाईंच्या कमरेला.

पत्र न्यायला उमेदवार पाच वाजता येणार होता. दुपारच्या सुट्टीत चिटणीसबाई कपडे बदलायच्या खोलीत गेल्या, तर डाव्या भिंतीवर एकच एप्रन. ओलाचिंब. खाली फरशीवर थेंब टपटपत होते. नंबर सत्तेचाळीस.

त्यांनी मनात देवाचं नाव घेतलं, एप्रन पिळला, कपाटात ठेवून कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मागे वळल्या, तर टप. टप. एप्रन परत खुंटीवर.

"कुणी चेष्टा केली का गं?" त्यांनी इस्त्रीखात्यात येऊन विचारलं.

"कसली चेष्टा, ताई?" एक बाई म्हणाली. अखंड बडबडते म्हणून तिला सगळ्या रेडिओ म्हणायच्या. "इथं नाक शिंकरायला सवड नाही, चेष्टा कुठून करू? तोंड का पांढरं पडलंय तुमचं?"

चिटणीसबाईंना बसायलाही सुचेना. "मी पाठिंब्याच्या पत्रावर सही केलीय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला न विचारता."

एकेक इस्त्री थांबली. रेडिओसुद्धा बंद पडली.

"त्या अहवालवाल्याला?" शेवटी ती म्हणाली. "ताई, अहो, तुमची सख्खी जाऊ होती ती!"

"कायम करतोय ना पण तो?" कोपऱ्यातून दुसरी फणकारली. "गेलेली काही परत येत नाही. माझी दोन लेकरं आहेत घरी."

"असू देत," रेडिओ म्हणाली. "पण विचारायला नको? आमचे एप्रन काय नुसते डाग पुसायला आहेत?"

हे मात्र कोपऱ्यातलीलाही पटलं. चार वाजता पाळी सुटली आणि बायका रांगेनं खोलीत शिरल्या. अध्यक्ष धुसफुसत दारात उभे. ओल्या एप्रनकडे कुणाचीच नजर जात नव्हती. त्याच्या शेजारची खुंटी मात्र कुणी घेईना. हात तिथवर जायचा आणि गारठल्यासारखा मागे यायचा.

अध्यक्षांनी मोजलं. "उजवीकडे एकोणीस, डावीकडे वीस. वहिनी, तुमचा राहिलाय. उजवीकडे अडकवा, नाहीतर पडलं म्हणायचं पत्र."

चिटणीसबाईंनी मनात पुन्हा हिशेब केला. त्या धरून जिवंत बायका एकोणचाळीस. भिंतींवर अडतीसच हवे होते.

नुसतं गप्प राहायचं होतं. उजवीकडे अडकवला असता, तर दोन्ही बाजू सारख्या आणि पत्र अध्यक्षांच्या हाती. डावीकडे अडकवला असता, तर गर्दीत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. नकार जावेनं दिलाच होता. यांना तोंड उघडायचीही गरज नव्हती. दोन वर्षं जमलं होतं तसं आजही जमलं असतं.

टप. टप.

"थांबा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यातला एक जास्तीचा आहे. माझ्या जावेचा. तो धरायचा नाही."

अध्यक्षांनी नंबर वाचला. त्यांच्या ओठांचा रंग उडाला. "मग... एकोणीस-एकोणीस."

चिटणीसबाईंनी सत्तेचाळीस नंबर खुंटीवरून काढला. स्वतःचा एप्रन सोडला आणि सगळ्यांच्या देखत त्याच ओल्या खुंटीवर अडकवला. मग टेबलावरचं पत्र उचलून आपल्या सहीवरून फाडलं.

"उमेदवार आला की मला बोलवा," त्या म्हणाल्या. "का नाही, ते मीच सांगेन त्याला. पाइपचंही सांगेन."

"बाई गं," रेडिओ पुटपुटली. "ताई, तुमच्या हातात बघा."

एप्रन कोरडा होता. नुकता इस्त्रीखालून काढल्यासारखा ऊन, चौकोनी घडी घातलेला, बंद आत खोचलेले. बंद आत खोचून घडी घालायची सवय सगळ्या कारखान्यात एकट्या जावेलाच होती.