तपकिरीच्या चिमटीतून

मी एक जंतू. नाक मुरडू नका, मी नाकातच राहतो. वडूजकडच्या केरबांच्या उजव्या नाकपुडीत माझा जन्म झाला.

केरबा पलटणीतून पेन्शनीत निघालेले हवालदार. येताना त्यांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल ट्रंकेत भरून आणल्या होत्या. गावात कुणाला पडसं झालं, की "घे रं, मिलिटरीचं औषध हाय," म्हणून एक हातावर ठेवायचे. स्वतःही एकच घ्यायचे. एका कॅप्सूलनं आमच्यातली दुबळी घराणी तेवढी मेली. माझ्या घराण्याला ते औषध पचवायची ताकद वंशपरंपरेनं मिळालेली, पेनिसिलिन तोडायचीही. रान मोकळं झालं आणि आम्ही फोफावलो. माणसं शहाणी असतात म्हणे!

१९७४ साली केरबांची सून मनुबाई साताऱ्याच्या एका दवाखान्यात बाळंत झाली. पोट फाडून मुलगा काढला. केरबा नातू बघायला आले. आधी त्यांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली, मग त्याच बोटांनी नाथाचा अंगारा सुनेच्या कपाळाला लावला. पट्टी उचलून टाक्यांनाही लावला.

"आता काय बी हुनार न्हाई, पोरी."

"व्हय, मामंजी," ती हसली.

अंगाऱ्याबरोबर मी टाक्यांत उतरलो.

जखम चिघळली, ताप चढला. डॉक्टर गोपाळकृष्णांनी पेनिसिलिन दिलं, मग टेट्रासायक्लिन. दोन्ही मी कोळून प्यायलेलो. माझं घराणं कोणतं आणि ते कशानं मरतं, हे कळावं म्हणून त्यांनी पू पुण्याला तपासायला पाठवला. उत्तर यायला वेळ होता, मनुबाईला नव्हता. पोराला बाधेल म्हणून सिस्टर त्याला जवळ देईनात.

"मामंजी, लांबनं तरी दावा की वो."

केरबांनी दारातून नातू वर धरला. तिनं पुढे केलेला हात खाटेवर पडला, तो पुन्हा उठला नाही. मला वाईट वाटलं नाही. जंतूला तेवढं काळीज कुठलं?

केरबांनी ओल्या पट्टीवरून सुनेचं लुगडं सारखं केलं आणि ते डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले. डॉक्टरांनी त्यांना उठवून त्यांचे हात घट्ट धरले.

"तुमी लय केलंसा, डाक्टर. आमचंच नशीब खोटं."

 डॉक्टर डोळे पुसत शेजारच्या खाटेकडे वळले आहेत. तिथं शालूबाई आहे, कालच तिचं पोट शिवलंय. हात धुवा, असं मी कशाला सांगू? ते तुमचं तुम्ही बघा. मला निरोप द्या, माझी निघायची वेळ झाली.

डॉक्टर तिची पट्टी सोडतायत. शालूबाई विचारतेय, "आवं डाक्टर, मला घरला कवा सोडताय?"