पाणी बराबर टाका

आमच्या व्हाट्सअप ग्रुपचं नाव 'विचारा की राव'. नाव ठेवलं तहसीलमधल्या श्रीपतीनं. लोक विचारतात, अन् सांगणारा बहुतेक टायमाला मी, कल्याण रंगवाला. जालन्यात रंगाचं दुकान हाय माझं.

आता कुणी विचारलं, 'भिंतीला ओल येऊन राह्यली, काय करावं?' तर मला आधी हे सांगावं लागतं की ओल खालून येती का वरून, भिंतीच्या पल्याड कुणाचं न्हाणीघर हाय, अन् त्या माणसाशी तुमचं बोलणं हाय का भांडण. हे बिगर सांगता रंग कसा सांगू? पण एवढं लिहलं की व्हाट्सअप अर्धा मेसेज गिळतं अन् खाली 'रीड मोर' दाखवतं. त्यावरून माझं नावच पडलं रीडमोर. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, "रीडमोर काका, पॉलिश पेपर हाय का?"

मागल्या हिवाळ्यात म्या एक ओळ टाकली व्हती: 'उद्या सकाळी नळाला गरम पाणी सोडणार हायत, बादल्या मोकळ्या ठेवा.' ती सगळ्यांनी वाचली! श्रीपती तर खांद्यावर टॉवेल टाकून नळाखाली बोट धरून बसलाता. थाप मारायला ओळभर जागा पुरती अन् लोक टॉवेल घेऊन बसतात. खरं सांगाया गेलं की कुणी वाचत न्हाई. डोकं फिरतं माणसाचं.

परवाच्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही चहाच्या गाड्यावर बसलेलो. श्रीपतीनं माझा आदल्या दिवशीचा मेसेज काढला, मोबाईल बाकड्यावर ठेवला अन् अंगठ्यानं वर सरकवायला लागला.

"हे बघा मंडळी, निघालो जालन्याहून. अंबड आलं. अंबड गेलं. आलं बघा शहागड... आता गोदावरीचा पूल... पूल संपला राव, ह्याचा मेसेज अजून चालूच!"

गाड्यावरचे सगळे हसले. मीबी हसलो, कारण जोक चांगला व्हता. त्याचाच तर जास्त राग आला. असला जोक मला सुचायला पाहिजे व्हता.

तेवढ्यात ग्रुपवर सुगराबीचा मेसेज आला. सुगराबी आमच्या मागल्या गल्लीतली. तिचा नवरा महेबूब एमआयडीसीत सळयांचा टेम्पो चालवतो. त्यांच्या आसिफाला बघायला रविवारी शहागडहून पाहुणे येणार व्हते, म्हणून समोरच्या खोलीला रंग द्यायचा व्हता. डबा माझ्याच दुकानातून नेलता, पण मी मालाला संभाजीनगरला गेल्तो, अन् दुकानावर बसलेल्या माझ्या बायकोनं, वंदनानं, डबा देला, माहिती न्हाई देली.

'कल्याणभाई, महेबूब ब्रश लेके बैठे. डिस्टेंपर में पानी कितना डालना?'

म्या लिहाया घेतलं. आधीचा रंग खरवडला का? भिंतीवर चुना हाय का पुट्टी? पहिल्या हाताला अर्ध्याच्या आत पाणी, दुसऱ्याला त्याच्याहून कमी, घोळून घोळून टाका, एकदम ओतू नका... अन् वर बघितलं तर श्रीपतीची मान माझ्या मोबाईलात.

"निघाली का गाडी अंबडला?"

पुन्हा हसले सगळे. कान तापले माझे. सगळं पुसलं. थोडं लिहलं, तेबी लांब वाटलं, तेबी पुसलं. आपलंच लिहलेलं आपणच चोरावानी पुसून राह्यलो, अन् शेवटी टाकलं: 'पाणी बराबर टाका.'

"आत्ता कसं!" श्रीपतीनं माझ्या पाठीवर थाप मारली. "शिकला गडी."

दुपारी आसिफाचा फोन. "अंकल, जल्दी या. अम्मी भांडे आपटून राह्यली, अन् अब्बा काहीच बोलून न्हाई राह्यले. त्याचीच भीती वाटायली."

गेलो. जुन्या हिरव्या भिंतीवर बदामी रंगाचे ओघळच ओघळ. वरून खालीपर्यंत. महेबूब रिकाम्या डब्यावर बसलेला, हातात ब्रश, पॅन्टीवर भिंतीपेक्षा जास्त रंग.

सुगराबीनं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. "पढो. क्या लिखे तुम?"

"पाणी बराबर टाका."

"तो बराबर डाले! एक डबा रंग, एक डबा पानी. बराबर!"

मी कपाळावर हात मारला. "अहो भाभी, बराबर म्हणजे बरोबर! जेवढं लागतं तेवढं!"

"जेवढं लागतं ते कितना, वही तो पूछी मैं!"

मंग ती हळू आवाजात बोलली, अन् ते भांडे आपटण्याहून वाईट व्हतं. "गरम पानी का मजाक सब के साथ किये, मैं बी हसी. पण माझ्या पोरीचे पाहुणे येऊन राह्यले भाई. माझ्याच घरी मजाक करायचा व्हता?"

"आईच्यान भाभी, मजाक न्हाई केला."

"मंग दहा लाईन का न्हाई लिवले? सब को लिखते, मेरेकूच तीन लफ्ज?"

आता तिला काय सांगू, की श्रीपती बघून राह्यला व्हता म्हणून लाज वाटली? अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा मी.

दुकानात धुंडाळलं. तो बदामी संपलेला. कंपनीची गाडी सोमवारी. पाहुणे रविवारी. दुसरा कोणता रंग मारावा तर भिंत वाळून दोन हात व्हायला सोमवार उजाडंल. परत आलो तर महेबूब म्हणला, "चादरी टांगू का?"

"खोलीभर? पाहुण्यांना वाटंल मांडवातच बसवलं."

सुगराबीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. मी बादलीत बघितलं. ते पाणचट बदामी अजून बरंच उरलेलं. मंग डोक्यात किडा वळवळला. दुकानातून स्पंज आणले, महेबूबला एक देला, आसिफाला एक, मी एक.

"हे बघा. ओघळ ओले करून पुसून घ्यायचे. भिंत वाळू द्यायची. मंग स्पंज बुडवायचा, पिळायचा, अन् नुसता टेकवायचा. घासायचा न्हाई. टेकवला, उचलला, मनगट फिरवलं, परत टेकवला. एका जागी दोनदा न्हाई. अन् कोपऱ्यात स्पंजाचा बारका तुकडा..."

"अंकल, तुम्ही बोलतापण रीडमोर," आसिफा म्हणली.

"गप. टेकव."

शनिवार संध्याकाळपर्यंत हिरव्यावर बदामी ढग उठले. खाली हिरवं झाकलेलं, मधून मधून डोकावणारं. महेबूब मागं सरून बघत राह्यला. "हॉटेलवानी दिसून राह्यलं, कल्याणभाई." सुगराबीनं चहा आणला, साखर टाकून.

रविवारी मी दुकानात बसून, पण जीव मागल्या गल्लीत. दुपारी ग्रुपवर सुगराबीनं भिंतीचा फोटो टाकला. खाली लिहलेलं: 'आसिफा की बात पक्की हुई. सोयऱ्यांना ये डिझाईन पसंद आई. शहागड में उनके घर बी करना बोल रहे. कल्याणभाई, उनको बताओ, इसमें पानी कितना?'

वाचून आधी डोळे पुसले. मंग हसू आलं. कारण आता खरं उत्तर एका शब्दाचंच व्हतं. ते म्या टाकलं.

'बराबर.'

एवढं अचूक उत्तर ह्या ग्रुपवर आजवर कुणी देलं नसंल. अन् श्रीपतीचा मेसेज लगेच: 'म्हणजे किती? जरा सविस्तर लिहा की राव.' त्याच्याखाली कांताबाई: 'एवढ्यानं काय कळणार?' त्याच्याखाली आणखी दोघं. अन् शेवटी सुगराबी: 'भाई, इस बार लंबा लिखो. कसम से.'

दातओठ खात लिहाया बसलो. एक डबा रंग, एक डबा पाणी, इथपासून ते खालचा रंग कोणता, स्पंज कसला, किती पिळायचा, मनगट कुणीकडं फिरवायचं, सगळं. दोन गिऱ्हाईकं माघारी गेले, जाऊ देले. अन् पार तळाला, जिथं 'रीड मोर' दाबल्याबिगर कुणी पोचत न्हाई, तिथं लिहलं: 'इथवर जो वाचंल त्यानं दुकानात येऊन एक स्पंज फुकट न्यावा. कुणाला सांगू नये.'

धडाधड अंगठे आले. फुलं आली. हात जोडलेले आले. अन् त्याच्याखाली कांताबाईचा मेसेज: 'छान माहिती. पण पाणी किती?'

मोबाईल गल्ल्यात टाकून कुलूप लावलं.

सोमवारी दुकान उघडलं. दुपारपर्यंत स्पंजाला कुणी आलं न्हाई. मी मनातल्या मनात साऱ्या ग्रुपला शिव्या घालून राह्यलो, तेवढ्यात दारात श्रीपती. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आत आला, अन् काउंटरवर हात पसरला.

"काय पाहिजे?" म्या विचारलं.

"स्पंज."

"कसला स्पंज?"

"ए कल्याण्या, नाटकं करू नको. सगळं वाचलंय म्या." स्पंज घेतला, खिशात कोंबला, दारापर्यंत गेला अन् वळला. "लईच लांब लिहतो राव तू. पहिल्यांदा वाचताना मनगटाचं समजलंच न्हाई मला."