फर्नची भावंडं

फर्न माजावर आली त्या सकाळी एल्स्पेथने कॅलेंडरची दोन पानं उलटली. सप्टेंबरात पिल्लं होतील. कोकरांची धामधूमही तेव्हाच, पण जमवू म्हणाली.

तिच्या नवऱ्याला, डूगलला, जाऊन दीड वर्ष झालं होतं. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांचा जो वंश त्याने चाळीस वर्षं राखला, त्यातली फर्न ही घरात उरलेली शेवटची मादी. शिट्टी ऐकली की उतारावर पोट टेकायची आणि मान पुढे काढून मेंढ्यांकडे रोखून बघायची. तिची आजीही असंच करायची. त्या वेळी डूगल खाली फाटकाशी उभा असायचा. एल्स्पेथला एक पिल्लू स्वतःला ठेवायचं होतं. बाकीच्या पिल्लांसाठी सहा घरं बघून झाली होती, नदीपलीकडचा नरही ठरला होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फर्नची कंबर पाहिली, डोळे पाहिले, रक्त घेतलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, "हिची भावंडं कशी आहेत?"

"उत्तम. कुणाची कधी तक्रार नाही."

"तुम्ही विचारलं होतं का? काही दुखणी पिल्लांत उतरतात, पण आईच्या तपासणीत दिसत नाहीत. ती भावंडांत बघावी लागतात."

एल्स्पेथने विचारलं नव्हतं. त्या खोऱ्यात पिल्लू विकत नसत. व्हिस्कीची एक बाटली घ्यायची आणि पिल्लू हातावर ठेवायचं. दिलेल्या कुत्र्याला देणाऱ्यासमोर नावं ठेवणं तर कुणाच्या मनातही येत नसे.

डॉक्टरीणबाईंकडून ती तशीच खोऱ्यातल्या राविरीकडे गेली. फर्नची बहीण टुई त्याच्याकडे होती.

"या या आंटी! आज रस्ता चुकलात?"

"तुझ्या चहाच्या धास्तीने येत नाही रे."

"आज बहिणीने केलाय, बिनधास्त प्या."

हसत ती स्वयंपाकघरात शिरली आणि थबकली. चुलीजवळ गोधडीवर टुई झोपली होती. कामाचा कुत्रा घरात! राविरीच्या बापाने असा कुत्रा उंबऱ्यावरूनच हाकलला असता.

"ही आत कशी?"

"गारठा आहे ना. म्हातारी झाली."

"फर्नच्याच वेताची ती. चार वर्षांची."

राविरीने कप धुवायला घेतला. कप स्वच्छच होता.

"फिट येते तिला," तो नळाकडे बघत म्हणाला. "दोन वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ गोळी. मी डोंगरावर गेलो की बहीण येऊन बसते."

"आणि डूगलला बोलला नाहीस?"

"काय बोलणार आंटी? त्यांनी कोटात गुंडाळून आणली होती. दर वेळी विचारायचे, पोरगी काम करते ना? मी म्हणायचो, एक नंबर."

"अँगसचा कुत्रा? हिचा भाऊ?"

"मागच्या वर्षी पुरला. त्यालाही फिटच यायची. गोळीचं नाव मला अँगसनेच सांगितलं."

चहा निवत गेला. एल्स्पेथ वाकून टुईच्या कानामागे खाजवू लागली. तिथला पांढरा ठिपकासुद्धा फर्नसारखाच होता.

"फर्नला तर कधी आली नाही ना?" राविरी म्हणाला. "मग एक वेत होऊ द्या. डूगलकाकांचं काहीतरी मागे राहील. एक पिल्लू मला द्या, माझी तक्रार नाही."

"तेच तर. तुझी तक्रार नाही. बाकीचे सहाही गप्प बसतील. माझ्यावरच्या मायेपायी सगळे गोळ्या चारत बसतील, आणि मला वाटेल, सगळं छान आहे."

घरी आल्यावर तिने नदीपलीकडे फोन करून नर नको म्हणून सांगितलं.

"कुणाला कळणार आहे, बाई?" नराचा मालक म्हणाला.

"मला कळलंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग दवाखान्यात फोन करून फर्नच्या नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख घेतली. माज ओसरल्यावर दोन महिन्यांनी.

माज ओसरेपर्यंत फर्नला धुण्याच्या खोलीत बंद ठेवणं भाग होतं. ती दाराला नखं मारत होती, नाक फटीला लावून बाहेरचा वारा ओढत होती, पुन्हा नखं मारत होती. एल्स्पेथ आत जाऊन दाराला पाठ लावून फरशीवर बसली. फर्न अंगावरून चढून दाराकडे जाऊ लागली, तशी एल्स्पेथने तिला मिठीत धरलं.

"मलाही हवं होतं गं," ती म्हणाली.

फर्न सुटायला धडपडत राहिली. एल्स्पेथने मिठी सोडली नाही.