काठोकाठ प्याला

मुलगी सासरी गेल्यापासून उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या त्या घरात जेवताना नान मोडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटे. हमदमअकांनी यावर इलाज योजला होता: चारचौघांत रमणारा, माणसाळलेला पोपट. जन्मभर रेशमाच्या कोशांची प्रतवारी केलेल्या माणसाला एक पक्षी निवडणे ते काय कठीण!

झुलैहोओपा पोपटाच्या पिल्लांना स्वतः घास भरवून वाढवीत, आणि ज्याच्याशी पाखराचे जमेल त्यालाच ते देत. त्यांनी नवराबायकोला द्राक्षवेलीखाली बसवले, खाण्यापिण्याचा दस्तरखान पसरला, आणि मानाच्या पाहुण्याला द्यावा तसा तळाशी घोटभरच चहा ओतून प्याला पुढे केला. घोटाघोटाने पुन्हा पुन्हा ओतण्यातच अगत्य. प्याला काठोकाठ भरला, की पाहुण्याने टोपी उचलून निघावे.

पक्षी दोन होते. पिंजऱ्यातला हिरवागार, गळ्यात गुलाबी कंठ, "सलाम! बरे आहात? मुलं बरी?" असा अखंड घोष चालवणारा. दुसरा मुका, मानेवर पिसे विरळ. तो ओपांच्या खांद्यावर बसून त्यांची बाळी चघळत होता.

"हा हिरवा," हमदमअका म्हणाले. "बोलका तोच मनमिळाऊ."

"अका, तो मोठेपणी आलाय माझ्याकडे. हात पुढे केला की कोपऱ्यात पळतो. बोलतो पुष्कळ, ऐकत कुणाचं नाही."

"तसला एक आहे आमच्या घरी," त्यांची बायको ओयनिसो पुटपुटली.

"हा खांद्यावरचा न्या. माणसांत बसतो."

हमदमअकांनी प्रतिवाद मांडला. मानेवरचे टक्कल हे रोगाचे लक्षण, मौन हे मंदबुद्धीचे. आणि खांद्यावर बसणे ही सवय झाली, स्वभाव नव्हे. सवय आणि स्वभाव यांतला भेद ते उलगडू लागले, तोच ओपांनी निमूटपणे किटली उचलली आणि त्यांचा प्याला काठोकाठ भरला.

ओयनिसोने मान खाली घातली. असा प्याला हमदमअकांनी कित्येक आगंतुकांना दिला होता. घेतला मात्र कधी नव्हता. म्हणजे रिकाम्या हाताने परत, आणि पुन्हा तेच मुके जेवण. आयुष्यात प्रथमच त्यांना मुद्दा सुचला नाही.

अंगण शांत झाले, तसा मुका पक्षी खांद्यावरून उतरला. नानला अदबीने वळसा घालून तो आला आणि प्याल्याच्या काठावर चढला. प्याला कलंडला, अर्धा चहा हमदमअकांच्या विजारीवर गेला. पक्षी त्यांच्या कोरड्या मांडीवर चढून कोटाचे बटण चघळू लागला.

ओपांनी प्याल्यात डोकावून पाहिले. "अर्धाच उरलाय. म्हणजे बसा, अका. पाहुणचार आता त्याने हाती घेतलाय."

"पण तत्त्वतः पाहता..."

पक्ष्याने बटण सोडले.

"अहो, गप्प बसा हो! जाईल तो!" ओयनिसो कळवळली.

ते गप्प बसले. ती पुढे सरकली आणि पाखराला लेकीच्या लग्नापासूनचे सारे सांगू लागली. "आणि ह्यांचा चहा सांडलास ना, फार बरं केलंस!"

विजार पायाला चिकटत होती. हमदमअकांनी पाय हलवला नाही.