कंगव्याची धाकधूक

दचकू नका. बेसिनवरच्या फळीवरून, दाढीच्या ब्रशच्या शेजारून बोलतोय तो मीच, कंगवा. रंगाने काळा, दोन दात पडलेले, तरी अजून कामावर आहे. दात माझे पडले, पण जन्मभर काळजी केली ती मालकाच्या केसांची. अशी जिवाला घोर लावणारी नोकरी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं, साचा उघडला आणि माझ्यासारखे ढीगभर भाऊ एकदमच बाहेर पडले. आम्हाला पुठ्ठ्यावर रबराने बांधून दुकानात टांगलं. तिथून मला उचललं एका लिफ्टच्या मेकॅनिकने. तेव्हा तो ऐन तारुण्यात होता. दाट केसांतून मला एकदा फिरवलं, मागच्या खिशात खोचलं आणि स्वारी शीळ घालत निघाली. मला वाटलं, आपण नशीब काढलं.

पण सुखाचे दिवस थोडेच असतात. एका सकाळी भांग पाडता पाडता त्याचा हात थबकला. त्याने मला खिडकीकडे धरलं, माझ्या दातांत अडकलेले केस सोडवून पांढऱ्या बेसिनवर मांडले आणि नुसता बघत उभा राहिला. त्याच्या वडिलांना लवकर टक्कल पडलेलं, थोरला भाऊ त्याच वाटेवर. "आता माझा नंबर," तो आरशाला म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी माझी झडती सुरू झाली. गळती त्याच्या टाळूची आणि खापर माझ्या माथी!

माणूस केसांपायी किती हैराण होतो, ते मी जवळून पाहिलंय. तो पंख्याखाली बसेना. वारा सुटला की हात डोक्यावर. त्यात काम लिफ्टचं. बहुतेक लिफ्टमध्ये मागे आरसा आणि वर दिवा, म्हणजे टाळूची जाहिरातच. कुणी आत आलं की हा पठ्ठ्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. घरी आला की आधी आरसा, मग चहा.

शेवटी बायकोच वैतागली. "अहो, रोज आरशाला काय विचारताय? तो काय औषध देणार आहे? डॉक्टरकडे चला."

त्या दिवशीही मी खिशात होतोच. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून टाळू पाहिली आणि सरळ सांगितलं, "रोज एक गोळी घ्या. निदान वर्षभर धीर धरा, मगच मला विचारा. थोडे केस येतीलही, पण गोळीचं मुख्य काम आहे ते असलेले केस राखण्याचं. काही त्रास वाटला तर लगेच या."

"म्हणजे ही जन्मभर घ्यायची?" मालकाचा चेहरा उतरला.

"केस हवे असतील तोवर. गोळी बंद केलीत की तिची राखणही बंद."

पहिले काही महिने विचारू नका. गोळी गिळली की लगेच आरशात बघायचं, जणू तासाभरात पीक येणार आहे! पण हळूहळू माझ्या दातांत अडकणारे केस कमी झाले. ते आधी मला कळलं, मग त्याला. माझ्या जिवात जीव आला. वर्षं गेली, घरात मुलगी आली, ती शाळेत जाऊ लागली. कपाळ थोडंसं वर सरकलं असेल, पण बाकी केसांना गोळीने धक्का लागू दिला नाही. तरी याची झडती काही थांबली नाही. केसांना धरून ठेवणारी गोळी मिळाली, मनाला धरून ठेवणारी कुठून आणायची?

गोळीचं त्याने बायकोखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

एकदा थोरला भाऊ मुक्कामाला आला. डोकं अगदी लख्ख, आणि त्यावर स्वतःच विनोद करणारा मोकळा माणूस. सकाळी माझा मालक भांग पाडत होता, तेव्हा तो दारात येऊन म्हणाला, "तुझं बरंय लेका. आपल्या घरात तू एकटाच आईवर गेलास. तुझ्या केसांना काय धाड भरलीय!"

"काहीतरीच काय, दादा," मालक हसला. पण ते वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. दादा गेल्यावर तो आरशात बराच वेळ बघत राहिला. मग पुटपुटला, "खरंच की. इतकी वर्षं झाली, केस आहेत तिथेच आहेत. मग ती गोळी करते तरी काय?" आणि गोळ्यांचं पाकीट त्याने फळीवर पार मागे, जुन्या टूथब्रशांच्या आड ढकलून दिलं. बायकोलाही बोलला नाही.

ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझ्या तोंडात नुसते दात, जीभ कुठाय?

काही महिने सगळं ठीक होतं. स्वारी खुशीत. मग माझ्या दातांत पुन्हा केस येऊ लागले. आधी दोन-चार, मग झुबका. आता याने काय करावं? तेल बदललं. साबण बदलला. नळाच्या पाण्याला शिव्या घातल्या. मला खणात टाकून लाकडी कंगवा आणला. त्यातही केस आले, तेव्हा मला परत बोलावलं. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, फक्त त्या ढकललेल्या पाकिटाकडे तो बघेना. वर्ष सरता सरता टाळू उघडी पडली.

आणि मग ती संध्याकाळ. तो कामावरून तणतणत आला, तोंड धुतलं आणि मला केसांत खुपसून आरशासमोर बोलू लागला. बायको दारात टॉवेल घेऊन उभी होती.

"आज एका इमारतीच्या मॅनेजरने आपलं सर्व्हिसिंग बंद केलं. म्हणे, तुमची माणसं दर महिन्याला येतात, दोर बघतात, तेल घालतात आणि जातात. लिफ्ट तर कधी बंद पडलीच नाही, मग तुमची गरज काय? आता या शहाण्याला काय सांगायचं! अरे बाबा, आम्ही येतो म्हणूनच ती बंद पडत नाही ना! जे बिघडलंच नाही ते दिसणार कसं? दिसत नाही म्हणून काय..."

त्याचा हात थांबला. मी बरोबर उघड्या टाळूवर होतो.

"बोला ना," बायको म्हणाली. "का थांबलात?"

त्याची नजर फळीच्या मागच्या कोपऱ्याकडे वळली. तिने फळीवरचे जुने टूथब्रश बाजूला केले, पाकीट काढलं, त्यावरची धूळ टॉवेलने पुसली.

"दादा म्हणाला, मी आईवर गेलोय," तो खाली मान घालून म्हणाला.

ती इतकी हसली, की तिला दाराला धरावं लागलं. मग त्याचा चेहरा पाहून तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत डोक्याला कुणाला हात लावू दिला नव्हता त्याने. त्या दिवशी दिला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "पुन्हा सुरू करा. पण गेलेले सगळे परत येतील असं सांगणार नाही. थोडे येतील, उरलेले टिकतील." बाहेर येऊन तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि मला मुठीत घट्ट धरून राहिला. मला फार वाईट वाटलं. नशिबाने गेलं तर माणूस नशिबाला बोल लावतो. हे तर त्याने स्वतःच्या हाताने घालवलं होतं.

आता त्यालाही बराच काळ लोटला. थोडी लव परत आली, टाळूचा मधला भाग काही भरला नाही. भांग पाडायला मला पूर्वीइतका वेळ लागत नाही. अस्वस्थपणाही गेला असं नाही, माझाही नाही आणि त्याचाही नाही. सकाळी त्याचा हात माझ्याकडे वळला, की अजून माझे दात शिवशिवतात.

तुमच्या फळीवरही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला जपा आणि त्याच्यावर राग काढू नका. केस आम्ही घेत नसतो हो, आमच्याकडे फक्त ते येऊन थांबतात.

आजच सकाळी मालकाने गोळी घेतली, मला फिरवलं आणि बायकोपुढे डोकं वाकवून विचारलं, "बघ गं, मागच्या वर्षीपेक्षा काही फरक?"

तिने नीट निरखून पाहिलं. "नाही. काहीच फरक नाही."

"चांगलंय मग," तो म्हणाला आणि शीळ घालत कामावर गेला.