माझ्या कपाळावरचा एबी

मी बोलिव्हियातल्या कथिलाच्या खाणीत उतरणारे एक हेल्मेट बोलत आहे. ज्याने घडविले त्याचे नाव मला ठाऊक नाही. ज्याच्या मस्तकी ठेविले त्याची सेवा केली.

माझे पहिले धनी फाउस्तिनो. दरड कोसळली तर डॉक्टरांना विचारपूस करीत बसावे लागू नये, म्हणून आमच्याकडे हेल्मेटवर रक्तगट रंगवितात. सारा गाव 'ओ'. फाउस्तिनो तेवढे 'एबी'. घराण्याला 'दोन अक्षरवाले' असे नाव पडले. पराक्रमावाचून मिळालेला मान माणसे फार जपतात.

फाउस्तिनो वारले आणि मी पुत्र निकानोर याच्या माथी आलो. बापाचे अक्षर खरवडले तर बापाचा हात डोक्यावरून जातो, ही इथली श्रद्धा. म्हणून ते तसेच राहिले. कार्निव्हलच्या मंगळवारी त्यावर दारू शिंपडीत, रंगीत फिती वाहात. रक्त कुणी तपासले नाही.

पुढे शाळेत परिचारिका सेनोबिया आली. मुलांचे रक्त तपासताना ती जमलेल्या बायकांना सहज म्हणाली, "एबी बापाला ओ पोर होत नाही."

निकानोरची लेक देल्फिना 'ओ' निघाली.

"आज्जी, मी सगळ्यांसारखी!" पोर नाचत घरी आली.

आजी तोमासा बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेविली. "सूनबाई, हे अक्षर आमच्या घरातलं नव्हे. कुणाकडून आणलंस?"

"आणायला ते काय मीठ आहे, शेजारणीकडून वाटीभर?" बासिलिया म्हणाली.

निकानोरने पोरीचे नाक पाहिले, मग आरशात स्वतःचे. दोन्ही सारखीच बसकी. पण रंगविलेल्या अक्षरापुढे नाकाची साक्ष कोण धरतो? तो वेगळा जेवू लागला. पोर जवळ बसली की ताट घेऊन उठे.

शेवटी बासिलियाने मला खुंटीवरून काढले. "चला दवाखान्यात. सासूबाई, तुम्हीही. नाही जुळलं तर पोरीला घेऊन मी तिथूनच माहेरी जाते."

सेनोबियाने निकानोरचे बोट टोचले. "बी."

"मग ए कुठं सांडला?"

"सांडला नाही. तुमच्या वडिलांकडे दोन होते, लेकराला एकच देता येतो. त्यांनी बी दिला. दुसरा आईचा. आजी, बोट द्या."

तोमासा 'ओ' निघाली.

"म्हणजे निकानोरच्या अंगात बी आणि ओ दोन्ही. बीपुढं ओ दिसत नाही, लपून बसतो. तोच त्यानं लेकीला दिला. एक ओ बापाचा, एक आईचा. पोर ओ झाली."

"सासूबाई, बापाकडून आलाय तो ओ तुमचाच," बासिलिया म्हणाली. "परत घेता का?"

तोमासाने बोटावरचा कापूस नीट दाबला. "मी आधीपासून सांगतेय, पोरगी माझ्यावर गेलीय."

मग सेनोबियाने माझ्याकडे बोट केले. "हे आधी खोडा. दरडीखाली सापडला असतात आणि हे वाचून कुणी एबी रक्त चढवलं असतं, तर जिवावर बेतलं असतं."

त्या संध्याकाळी निकानोरने मला मांडीवर घेऊन 'ए' खरवडला. देल्फिना त्याच्याच ताटात जेवत होती. 'बी' खरवडण्यापूर्वी त्याचा हात थांबला, तो थांबलाच.

बाबांनो, मजवर फिती वाहा, दारूही शिंपडा. पण आधी बोट पुढे करा. बापाचा हात डोक्यावरून गेलेला नाही. त्याने दिले होते तेवढेच अक्षर आता माझ्या कपाळी आहे.